पाय बांदाव

काका,

गेल्या सोमवारी दुपारी सव्वातीनच्या सुमाराला मी एकच शॉट अकरा वेळा मारला आणि अकराही वेळा बॉल पॉकेटमध्ये गेला. तोच तो लांबचा सरळ शॉट. टेबलाच्या या टोकाला सफेद बॉल, मध्ये रंगीत, पलीकडच्या कोपऱ्यात पॉकेट, तिन्ही एका रेषेत. बघणाऱ्याला वाटावं यात काय मोठंसं, आणि मला तर तो आजवर कधी म्हणून जमला नव्हता. मोजायला कोणी नव्हतं म्हणून माझे मीच मोजले. बारावा चुकला, कारण तोवर माझे डोळे भरून आले होते आणि भरल्या डोळ्यांनी नेम धरता येत नाही. शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या तीन मुली खेळत होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "आंटी, ऑल ओके?" मी म्हटलं, "हां बेटा, चॉक आँख में गया." तिने टिश्यू दिला. एवढंच बोलणं झालं. मला हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं होतील, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही मला ओळखलंत का, हे खरं तर आधी विचारायला हवं. सिल्व्हर पार्कमधली ती चष्मेवाली, जिला तुम्ही नावाने कधी हाक मारली नाहीत, 'गो बाय' म्हणायचात, ती मी. आता पंचेचाळीशी आली. चष्म्याचा नंबर वाढला, केस निम्मे पांढरे झाले आणि ते मी रंगवत नाही. राहते त्याच फ्लॅटमध्ये. मधली चार वर्षं कांदिवलीला संसार करून परत आले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मग बाबा गेले, मग आई गेली. भाऊ पुण्याला असतो, दिवाळीला फोन करतो आणि 'तू ये ना इकडे' असं अशा आवाजात म्हणतो की मी जाणार नाही याची त्यालाही खात्री असावी. विम्याचे क्लेम तपासायचं काम अजून तेच आहे, फक्त आता ते बरंचसं घरूनच करायचं असतं. दिवसभरात माझा आवाज मला ऐकू येतो तो डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगताना. एकदा तर चार आकडे सांगून झाल्यावर मी त्याला विचारलं, "पानी पिओगे?" तो घाईत होता. दार लावून मी स्वतःच पाणी प्यायले आणि त्या दिवशी ठरवलं की काहीही करून दुपारी घराबाहेर पडायचं. आमच्या रस्त्यावर मेडिकलच्या वर नवीन पूल पार्लर निघालंय. एसी आहे, भिंतीला निळे दिवे आहेत, दुपारी टेबलं रिकामी असतात. तिथे जायला लागले. वीस वर्षांत क्यूच्या काठीला हात लावला नव्हता.

तुमचं पार्लर तळघरात होतं. आता तिथे जिम झालंय, माणसं आरशात स्वतःकडे बघत वजनं उचलत असतात. आम्ही गिरगावातून नुकतेच इकडे आलो होतो, मी तेवीस वर्षांची होते आणि त्याच इमारतीत वर माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. एक दिवस क्लासचे सर आले नाहीत. खालून टकटक आवाज येत होता म्हणून जिना उतरले. तुम्ही शेवटच्या पायरीशी उभे आहात. पांढरा हाफ शर्ट, इस्त्रीची काळी पँट, पायात पॉलिश केलेले बूट. त्या कोंदट तळघरात तुम्ही असे उभे होतात की जणू मागे हिरवळ आहे आणि चहा येणार आहे. शहरातल्या एका क्लबात तुम्ही तीस वर्षं मार्कर होतात, हे मला नंतर कळलं. मार्कर म्हणजे काय हेही नंतरच कळलं. बॉल लावणारा, टेबलाचा कपडा झाडणारा, गुण मांडणारा, आणि आपल्याला खेळ येतो अशी समजूत असलेल्या माणसाला तो कसा येत नाही हे अदबीने सांगणारा. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून तुम्ही इथे लागलात. मी म्हटलं, "बघू का जरा?" तुम्ही एक खुर्ची पुसून दिलीत आणि म्हणालात, "बगून काय व्हनार? खेल."

तिथली पोरं काही वाईट नव्हती, पण त्यांचं दर तिसरं वाक्य शिवीवाचून पुरं होत नसे. माझ्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गुणांच्या काळ्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंत, 'लेडीज हाय. तोंड सांभाला.' मालक गुजराती, त्यांना वाटलं काही स्कीम आहे. एका शहाण्याने 'हाय' पुसून 'आहे' केलं आणि 'सांभाला'चा 'सांभाळा'. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पुन्हा 'हाय' आणि पुन्हा 'सांभाला'. हे पुसणं आणि लिहिणं आठवडाभर चाललं. शेवटी तो शहाणा कंटाळला, तुम्ही नाही कंटाळलात. तेव्हा मला तुमचं फार कौतुक वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे लिहायचंय त्याच्या आधी एवढं तरी माझ्या बाजूने असावं.

तुम्ही शिकवायचात कमी आणि गप्प जास्त राहायचात. पहिला आठवडा बॉलच नाही. डावा पंजा कपड्यावर टेकायचा, बोटं ताणायची, अंगठा वर करून खाच करायची आणि तिच्यातून क्यू मागेपुढे. "हनवटी काठीला लागली पायजे. डोला काठीच्या वर. कोपर हलला का खेल गेला." मी घाई केली की म्हणायचात, "बॉल कुटं पलून चाललाय गो?" तुमची भाषा मला बहुतेक कळायची. आमच्या घरी आम्ही ती बोलायचो नाही, पण ळच्या जागी ल आणि णच्या जागी न टाकलं की झालं, असा माझा हिशेब होता. गिरगावकरांचा स्वतःच्या मराठीबद्दल जो एक समज असतो तो माझ्यातही होताच.

उभं राहायला शिकवायची वेळ आली तेव्हा अडचण झाली. पोरांना शिकवताना तुम्ही बुटाच्या टोकाने त्यांचा पाय सरकवायचात, खांदा धरून वळवायचात, कंबर दाबून खाली करायचात. माझ्या बाबतीत ते शक्य नव्हतं. परक्या मुलीच्या पायाला पाय लावणार कसा आणि खांद्याला हात लावणार कसा? तुम्ही टेबलाच्या पलीकडे जाऊन, हात मागे घेऊन उभे राहायचात, आणि पोरांना जे हातापायाने सांगायचात ते मला दोन शब्दांत सांगायचात. मी ऐकायचे, 'पाय बांधावा.' मला वाटलं, पाय बांधून ठेवावा, जखडून टाकावा, हलू देऊ नये. एकदा खात्री करून घ्यायला विचारलंही, "म्हणजे घट्ट ना?" तुम्ही म्हणालात, "हां, घट. डगमगू नको." झालं. मी टेबलाशी यायचे, आधी दोन्ही पाय रोवायचे, टाचा दाबायचे, आणि पाय पक्के झाल्यावर मग वाकून बॉल कुठे आहे ते शोधायचे. क्यू रेषेत येत नसला तर खांदा वळवायचा, कंबर वळवायची, मान वाकडी करायची, पण पाय हलवायचा नाही. तुम्ही जीभ टाळ्याला लावून च्च करायचात आणि पुन्हा तेच म्हणायचात. मी आणखी जोरात बांधायचे. दीड वर्ष आपलं दोघांचं असं चाललं होतं. जवळचे शॉट जमायचे, बॉलच्या कडेला मारून तिरके घालायचे शॉट नशिबाने जायचे, आणि लांबचा सरळ शॉट हमखास डावीकडे. तुम्हाला वाटत असणार, पोर हुशार आहे पण ऐकत नाही. मी तर नुसतं ऐकतच होते.

आणि खरं सांगू का, ते शब्द मला टोचायला लागले होते. त्या वर्षी आमच्या घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. सातच्या आत घरात, तळघरात जातेस हे लोकांना कळलं तर काय, पोरांच्यात वाकून उभी राहतेस, असं आईचं रोजचं होतं. तळघरात उतरलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि तिथे तुम्ही, ज्यांनी मला उभं राहायला जागा दिली तेच, म्हणायचात की पाय बांध. मी ते मनात साठवत गेले.

मग ती स्पर्धा. सोळा जण, त्यांत बाई मी एकटी. नाव तुम्हीच दिलंत, मला न विचारता. मालक नको म्हणत होते तर तुम्ही त्यांना सांगितलंत की ही पोर फायनल खेलल, न्हाय खेलली तर मना बोला. हे मला मालकांनीच हसत हसत सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही शर्टावर टाय लावून आला होतात, क्लबातला असणार. मी उपांत्य फेरीपर्यंत गेले. शेवटी टेबलावर फक्त आठ नंबरचा काळा बॉल उरला होता आणि तो नेमका तसाच होता, लांब आणि सरळ. मी टेबलाशी आले. तुम्ही मागून हळूच तेच दोन शब्द म्हणालात. मी पाय बांधले. क्यू सुटला त्या क्षणीच मला कळलं. काळा पॉकेटच्या डाव्या कडेला आपटला आणि तोंडाशी येऊन थांबला. समोरच्याने तो सहज आत ढकलला. कोणीतरी म्हणालं, "लेडीज को एक कन्सोलेशन दे दो यार," आणि सगळे हसले.

मी त्या माणसाकडे वळायला हवं होतं. मी तुमच्याकडे वळले. "पाय बांधा, पाय बांधा! दीड वर्ष एकच धोशा! बायकांचे पाय बांधायचीच सवय आहे तुम्हाला. आधी नीट मराठी बोलायला शिका आणि मग दुसऱ्याला शिकवा." मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तुम्हाला काही समजलंच नव्हतं. कुठल्या बायका, कुठले पाय, कोणी बांधले. फक्त शेवटचं वाक्य तेवढं समजलं असणार. तुम्ही म्हणालात, "बरं, बाय." आणि तिकोनी चौकट घेऊन पुढच्या गेमचे बॉल लावायला लागलात. नेहमी दोन क्षणांत लावायचात, त्या दिवशी किती वेळ बोटांनी दाबत राहिलात. मी क्यू भिंतीला टेकवला आणि जिना चढले. पुन्हा उतरले नाही. महिन्याभराने क्लासच्या सरांकडून कळलं की तुम्ही ते काम सोडून भाईंदरला दुसरीकडे लागलात. बरं झालं, म्हटलं. समोरासमोर यायला नको.

तुम्ही गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. नवघरच्या नाक्यावर रिक्षा सिग्नलला थांबली होती आणि समोर तुमचा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि बाजूला पाच-सहा पुढाऱ्यांचे तुमच्याहून मोठे फोटो. त्यात तुमच्या शर्टावर टाय होता. रिक्षा सुटली आणि मी मागे वळून बघितलंही नाही. त्याहून वाईट म्हणजे तोवर मी तुमची एक गोष्ट करून टाकली होती. ऑफिसात महिला दिनाला, मैत्रिणींच्यात, कांदिवलीला सासरी आल्यागेल्यासमोर मी ती सांगायचे. माझे एक मास्तर होते, ते म्हणायचे बाईने पाय बांधावा, मग मी त्यांना भर सभेत कसं सुनावलं. सांगता सांगता ती छान घोटली गेली होती. कुठे थांबायचं, कुठे तुमचा आवाज काढायचा, सगळं बसलं होतं. लोक हसायचे, टाळ्या द्यायचे. गेली वीस वर्षं मी त्या गोष्टीवर बऱ्यापैकी शूर म्हणून जगले.

तर या नव्या पार्लरमध्ये जायला लागले आणि पहिल्याच दिवशी लांबचा सरळ शॉट डावीकडे गेला. वीस वर्षांत माझ्यात बाकी सगळं बदललं, हे नाही. आता शिकवायला कोणी नाही, म्हणून मोबाइल टेबलाच्या टोकाशी बाटलीला टेकवून स्वतःचाच व्हिडिओ काढला. घरी येऊन चहाबरोबर बघितला. एक बाई येते, टेबलाला चिकटून दोन पाय रोवते, वाकते, आणि मग बॉल दुसरीकडेच आहे असं लक्षात आल्यासारखी कमरेतून पिळून वळते. क्यू सरळ जातच नाही, तिच्या अंगासमोरून तिरका जातो. कळत होतं की खोट बॉलला मारण्यात नसून त्याच्या आधी कुठेतरी आहे. पण पाय कुठे ठेवायचा हे त्या व्हिडिओत कुठून कळणार? मी पाय पुढे घेऊन बघितला, मागे घेऊन बघितला, चप्पल काढून बघितली. महिनाभर रोज दुपारी दोन तास मी एकटी ते टेबल आणि तो सफेद बॉल घेऊन हुज्जत घालत होते. कधी कधी मोठ्याने बोलायचे, "आता काय झालं?" आणि पुन्हा बॉल मांडायचे.

मग ऑफिसातल्या एका मुलीची हळद होती, तुमच्याच गावात, मोरव्याला. मी अशा ठिकाणी जायचं टाळते, एकटी बाई दिसली की चौकशा होतात. पण ती फार मागे लागली, म्हणून दुपारच्या जेवणापुरती गेले. मांडवाकडे जायला मिठागराच्या कडेने वाट होती. मिठागर आता नावालाच, चौकोनात नुसता चिखल आणि वर पाण्याचा पातळ थर, आणि दोन चौकोनांच्या मध्ये मातीचा फूटभर रुंद बांध. माझी उंच टाचेची चप्पल घसरली. मागून एक म्हातारी डोक्यावर केळीच्या पानांचा भारा घेऊन येत होती. ती ओरडली, "पाय बांदाव ठेव गो! न्हायतर जाशील चिखलान!"

मी तिथेच उभी राहिले, काका. तिला वाटलं मी घाबरले. मी विचारलं, "आजी, काय म्हणालात?" ती म्हणाली, "बांदाव. ह्यो बांद न्हाय का, ह्याच्याव पाय ठेव. नि खाली बगू नको, त्या टोकाला बग. पाय आपसूक येल." आणि भारा सांभाळत मला ओलांडून त्या अरुंद बांधावरून सरळ चालत गेली, मान ताठ, नजर पुढे, पावलापुढे पाऊल. बांदाव म्हणजे बांधावर. एवढंच होतं ते. मी मांडवात गेले, हळद लावली, ताटावर बसले, काय जेवले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पार्लरमध्ये गेल्यावर मी टेबलाशी गेलेच नाही. चार पावलं मागे उभी राहिले. पॉकेटकडे बघितलं, मग रंगीत बॉल, मग सफेद, आणि तिथून ती रेषा कपड्यावरून, लाकडावरून, खाली फरशीवरून माझ्यापर्यंत येऊ दिली. तो बांध. त्याच्यावरून चालत गेले. उजवा पाय त्याच्यावरच पडला, डावा जरा बाहेर, टेकायला. मग नुसती वाकले. हनुवटी क्यूवर आली आणि डोळ्यासमोर सगळं एका ओळीत होतं. कंबर पिळायला लागली नाही. बॉल पॉकेटच्या कडांना न शिवता आत गेला. तुम्ही दीड वर्ष मला काय सांगत होतात ते मला तेव्हा समजलं. पाय रोवून नेम शोधू नको, नेमाच्या वाटेने चालत ये, असं सांगत होतात. माझ्या पायांना वाट दाखवणारे तुम्ही एकटेच होतात, आणि मी चारचौघांत तुमची ती शोभा केली. पुढचे दहा कसे गेले ते वर लिहिलंच आहे. मला लाज वाटली, काका, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तो कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना. माझ्या फोनमध्ये तीनशे नंबर आहेत. एकालाही सांगून काही कळलं नसतं.

म्हणून हे पत्र. लिहून मोरव्याला न्यायचं, तुमच्या फोटोपुढे ठेवायचं, काकूंना सगळं खरं सांगायचं आणि पाया पडून यायचं, असं ठरवलं होतं. घरातलं कोणीतरी त्यांना वाचून दाखवेल, असंही मनात होतं. पण पत्र अर्धंच झालं होतं तोवर धीर निघेना, म्हणून काल आधी नुसती जाऊनच आले. मार्करचं घर कुठे म्हटल्यावर पहिल्याच दुकानदाराने बोट दाखवलं. आता मात्र हे कोणाला देता येणार नाही. का, ते लिहिते आणि थांबते.

काकू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. मी म्हटलं, मी काकांकडे पूल शिकायचे. त्यांनी पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघितलं. "चस्मेवाली का? सिलवर पार्कची?" मी हो म्हटलं. "बस गो, बस. तुजी गोष्ट सांगायचे ना ते. पोर येक दिस बांदाव नीट चालल, बोलायचे." मग मला पाट दिला, ताट वाढलं, सुकटीचं कालवण. त्यांना तुमचा खेळ कधी बघायला मिळाला नव्हता. मला म्हणाल्या, दाखव कसा खेलतात. मी कोपऱ्यातली पोछ्याची काठी उचलली, फरशीच्या सांध्यावरून चालत गेले आणि वाकून दाखवलं. काकू हसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "असंच उबं ऱ्हायचे, आरशासमोर."

मी आता सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या बोलत राहिल्या. "येक दिस कामावशी आले नि मना इचारला, माजी भाषा वंगाल हाय का? मी बोलली, काय झाला? बोलले, काय न्हाय. मंग ती नोकरी सोरली. नव्या जागी हिंदीनच बोलायचे. घरान पन तीच सवय झाली. नातीला 'बैठो बेटा' बोलायचे, आमी हसायचो. मरोस्तवर आमच्याशी पन नीट बोलले न्हाय गो. तोंड उगरला का थांबायचे, शब्द शोदत." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "कोन तरी काय तरी बोलला व्हता त्यांना. कोन, ते कवा सांगला न्हाय. मी जाम इचारला. तू तर तितंच व्हतीस. तुला म्हाईत हाय का, कोन व्हता?"

मी म्हटलं, "नाही, काकू. मला नाही माहीत."

"जाव दे," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली, काका. सगळी खाल्ली.